स्लॅलम जलस्कीइंग : तंत्र आणि कार्यक्षमता

बोटीने ओढलेल्या दोरीला धरून, एकाच स्कीवर, डावी-उजवीकडे मांडलेल्या सहा बोयांना बाहेरून वळसा घालत जाण्याचा स्पर्धाप्रकार. जलस्कीइंगची सुरुवात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, लेक पेपिन या सरोवरावर राल्फ सॅम्युएलसन यांनी १९२२ मध्ये केली असे मानतात; स्लॅलम ही तिची आज सर्वांत काटेकोरपणे मोजली जाणारी शाखा. मार्ग २५९ मीटर लांबीचा असतो. बोट मधोमध सरळ जाते आणि प्रत्येक बोया मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर असतो. खेळाडूने सहाही बोये घेतले की बोटीचा वेग वाढवतात. कमाल वेग गाठल्यावर (पुरुषांसाठी ताशी ५८, स्त्रियांसाठी ५५ किमी) वेग तोच ठेवून दोरी टप्प्याटप्प्याने तोकडी करतात : १८.२५ मीटरवरून १६, १४.२५, १३, १२, ११.२५ आणि त्याहीखाली. बारा मीटरनंतरची दोरी बोयाच्या अंतराहूनच आखूड असते. तेथे हँडल बोयापर्यंत पोहोचणे शक्यच नसते. उरलेले अंतर हात लांबवून आणि शरीर झुकवून भरून काढावे लागते.

या खेळात ताकद लागते ती ओढण्यासाठी, असा सर्वसाधारण समज आहे, आणि नवशिक्यांच्या बहुतेक चुका त्यातूनच उपजतात. आधी हिशेब पाहू. दोन बोयांमधले मार्गाच्या दिशेचे अंतर ४१ मीटर, म्हणजे ५८ च्या वेगाने सुमारे अडीच सेकंद. तेवढ्यात खेळाडूला २३ मीटर आडवेही जायचे असते. अगदी सरळ रेषेत गेला तरी ४७ मीटर होतात, म्हणजे सरासरी वेग ताशी ६६ किमीच्या घरात. प्रत्यक्षात बोयापाशी तो मंदावतो, त्यामुळे मध्यरेषा ओलांडताना त्याचा वेग बोटीपेक्षा पुष्कळच जास्त असावा लागतो. हा जादा वेग येतो कोठून? बोटीवर उभे राहून पाहिले, तर खेळाडू बोटीतल्या, दोरी बांधलेल्या खुंट्याभोवती कंस काढताना दिसतो. दोरी ताठ असेतोवर तिचा ताण खुंट्याच्या दिशेने असतो आणि खेळाडूची गती त्या दिशेला काटकोनात. ज्या दिशेने हालचालच नाही, त्या दिशेच्या बळाकडून कार्य घडत नाही. म्हणजे बोटीच्या दृष्टीने ताठ दोरी खेळाडूला वेग देत नाही, ती त्याला कंसावर धरून ठेवते. वेग देते ती समोरून येणाऱ्या पाण्याला तिरकी धरलेली स्की, शिडाची होडी वाऱ्याचा उपयोग करते त्या रीतीने. म्हणून स्कीचा कोन टिकवणे हे खरे काम, आणि ताकद खर्ची पडते ती तो कोन टिकवताना येणारा ताण शरीराने पेलण्यात. हात सरळ, हँडल कमरेजवळ, खांदे, कंबर आणि घोटे एका रेषेत ही ठेवण शिकवतात ती याचसाठी. ताण सांगाड्यावर आला की स्नायू लवकर थकत नाहीत.

हात आखडून हँडल छातीशी घेतल्यास थोडे कार्य होते, हा आक्षेप बरोबर आहे. पण ती उधारी बोयापाशी फेडावी लागते. हात परत लांबवताना दोरी सैल पडते, खेळाडू क्षणभर बोटीपासून सुटतो, आणि दोरी पुन्हा ताठ होताना बसणाऱ्या हिसक्यात कमावलेला कोन जातो. वेळेचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. वळण पूर्ण होताच कोन घेऊन मध्यरेषेपर्यंत भार पेलायचा आणि पुढे तो सोडत न्यायचा, असा क्रम असतो. मध्यरेषेनंतर मिळवलेला आडवा वेग निरुपयोगी, कारण बोयापाशी तो शून्यावर आणायचाच असतो. मात्र भार सोडणे म्हणजे हँडल सोडणे नव्हे. स्कीची कड बदलल्यावरही दोन्ही हातांनी हँडल शरीराजवळ ठेवले, तरच कंस खेळाडूला बाहेर, बोटीच्या बाजूला वर नेतो. हात लवकर सुटला की तो बोटीमागे घसरतो आणि बोयाकडे अरुंद व उशिरा येतो. पहिल्या बोयाला झालेला हा उशीर सहाव्यापर्यंत वाढतच जातो, म्हणून प्रवेशद्वारापूर्वी डावीकडे किती रुंद जावे आणि आत केव्हा वळावे यावर अनुभवी प्रशिक्षक सर्वाधिक वेळ घालवतात. ते योग्यच आहे.

स्पर्धेतली प्रगती तंत्रापेक्षा साधनांमुळे झाली, असेही म्हटले जाते. आजच्या बोटींत जीपीएसवर चालणारी ‘झिरो ऑफ’ वेगनियंत्रण प्रणाली असते. खेळाडूच्या ओढीला इंजिनाने किती लवकर व किती जोराने उत्तर द्यावे हे अक्षर-अंकांच्या जोडीने निवडता येते. पण हे यंत्र वरचा युक्तिवाद खोडत नाही, उलट बळकट करते. ओढ उशिरा आली की इंजिनाचे उत्तरही उशिरा येते, नेमके खेळाडूला मोकळे व्हायचे असते तेव्हा. स्कीच्या फिनचेही तसेच : इंचाच्या हजाराव्या भागांत तिची जागा बदलणारे खेळाडू अनेक आहेत, पण ज्याची ठेवण दर फेरीला वेगळी, त्याला फरक फिनचा की स्वतःचा हे कळणार कसे? त्यामुळे सुधारणेचा भरवशाचा मार्ग कंटाळवाणाच आहे : कमी वेग, लांब दोरी आणि कमजोर बाजूच्या वळणाची पुनरावृत्ती. अवघड दोरीवर रोज दोन-तीन बोये घेऊन पडण्याने चुकीच्याच हालचाली पक्क्या होतात.

एका ठिकाणी मात्र शरीराचा मुद्दा मान्य करावा लागतो. २०१३ मध्ये अमेरिकेच्या नेट स्मिथ यांनी ९.७५ मीटर दोरीवर अडीच बोयांचा विश्वविक्रम केला. या दोरीवर हँडल खुंट्याच्या अगदी काटकोनात आणले, तरी स्की त्यापलीकडे पावणेदोन मीटर असावी लागते. प्रत्यक्षात हँडल तेथवर येत नाही, म्हणून हे अंतर आणखी वाढते. येथे उंची आणि हाताची लांबी यांचा फायदा उघड आहे. पण तो फायदा उपयोगी पडण्यापूर्वी सगळ्या लांब दोऱ्या पार कराव्या लागतात.