‘ध’, ‘मा’ आणि अपराधी मन

कामरगावच्या शिवारातून सायंकाळी गुरे परतत असता एखादा शेतकरी शेजाऱ्याचा बैल आपलाच समजून घरी हाकून नेतो, अशी कल्पना करावी. दुसरा कोणी तोच बैल, तो परक्याचा आहे हे पक्के जाणून, अंधाराचा आश्रय घेऊन नेतो. बैल एकच, दावे एकच आणि वाटही एकच. तथापि पहिल्यास आपण वेंधळा म्हणू आणि दुसऱ्यास चोर. हा भेद कृतीत नसून करणाराच्या मनात आहे. पाश्चात्त्य विधिज्ञ या मनास ‘मेन्स रिया’, म्हणजे अपराधी मन, असे लॅटिन नाव देतात. आणि अपराध सिद्ध होण्यास कृतीला अशा मनाची जोड असावी लागते, हे तत्त्व कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यास प्रथमच शिकविले जाते.

या तत्त्वाचा उगम न्यायालयात झालेला नाही. खोट्या शपथेविषयी प्रवचन करताना संत ऑगस्टीन यांनी जिभेचा दोष मनाच्या दोषावर अवलंबून असल्याचे सांगितले. बाराव्या शतकाच्या आरंभी तो विचार इंग्लंडात पहिल्या हेन्री राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायदेसंग्रहात शिरला, आणि १६४४ साली छापलेल्या सर एडवर्ड कोक यांच्या ग्रंथामुळे तो वकीलवर्गात रूढ झाला. आमच्याकडेही हा विचार प्रथम धर्मशास्त्रातच आढळतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात नकळत घडलेल्या व बुद्धिपुरस्सर केलेल्या पातकांस निरनिराळी प्रायश्चित्ते सांगितली आहेत. तेव्हा लॅटिन शब्द इंग्रजांबरोबर आले असले, तरी त्यांतील प्रश्न आम्हांस नवा नव्हता.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या इतिहासात सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो ३० ऑगस्ट १७७३ रोजी. त्या दिवशी शनिवारवाड्यात गारद्यांनी अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा वध केला. प्राणभयाने नारायणराव धावले ते त्याच वाड्यात नजरकैदेत असलेल्या आपल्या चुलत्याकडे, आणि त्यांस त्यांनी मिठी मारली. परंतु ते वाचले नाहीत. त्यांच्यावर अंग टाकणारा चाफाजी टिळेकर हा एकनिष्ठ सेवकही मारला गेला. पुढे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली. आपण गारद्यांस आज्ञा दिली ती पुतण्यास ‘धरावे’ एवढीच होती, असे रघुनाथरावांचे म्हणणे पडले. मूळ कागदातील ‘ध’चा कोणी ‘मा’ केला व ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, अशी कथा प्रसृत झाली. आणि त्या दोन अक्षरांनी मराठी भाषेस एक वाक्प्रचार दिला.

आजच्या विधिज्ञांच्या भाषेत बोलावयाचे, तर रघुनाथरावांचा बचाव हा सर्वस्वी ‘मेन्स रिया’चा बचाव होय. कृत्य घडले खरे, पण आपला उद्देश तो नव्हता, एवढाच त्याचा सार. असे असूनही रामशास्त्र्यांनी त्यांस देहान्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही असे सांगितले, आणि पुणे सोडून ते वाईच्या बाजूस निघून गेले. शास्त्रीबोवांच्या निःस्पृहतेचे गोडवे आपण नेहमी गातो. परंतु त्यांचा निर्णय कायद्याच्या कसोटीस कितपत उतरतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

तो करण्यास १८६० सालचा भारतीय दंडसंहितेचा कायदा उपयोगी पडतो. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली मसुदा केलेला आणि १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आलेला हा कायदा लॅटिन सूत्राच्या वाटेस गेला नाही; त्याने उद्देश, जाणीव, अप्रामाणिकपणा असे मनाचे निरनिराळे प्रकार प्रत्येक अपराधाच्या व्याख्येतच गोवले. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गोविंदा नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाचे प्रकरण आले. त्याने पंधरा वर्षांच्या पत्नीस खाली पाडून मुठीने मारले व ती मरण पावली. ठोशाने मृत्यू संभवतो, पण तो बहुधा होईलच असे म्हणवत नाही, हा विवेक करून न्यायमूर्ती मेलव्हिल यांनी त्यास खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा अपराधी ठरविले. मनात शिरून कोणास पाहता येत नाही. म्हणून साधन कोणते वापरले आणि त्याचा परिणाम काय होणे संभवनीय होते, यावरून मन ओळखावयाचे, ही त्यातील दृष्टी होय.

रघुनाथरावांनी वापरलेले साधन होते पगारासाठी बिथरलेले सशस्त्र गारदी. अशांस पेशव्यांवर सोडल्यावर रक्तपात होईल हे न जाणण्याइतके राघोबादादा अननुभवी नव्हते. दंडसंहितेच्या १११ व्या कलमाचा आशय असा, की एका कृत्यास चिथावणी दिली आणि दुसरेच घडले, तरी ते पहिल्याचा संभाव्य परिणाम असल्यास चिथावणी देणारा त्यासही जबाबदार राहतो. शस्त्रे पुरवून दरोड्यास माणसे पाठविली व त्यांनी घरातील मनुष्य मारला, अशा प्रकारचे उदाहरणही तेथे दिले आहे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी हे तत्त्व तसेच राहिले आहे. म्हणजे कागदावर ‘ध’ असो वा ‘मा’, रघुनाथरावांची सुटका होत नाही.

मग ती कथा इतकी लोकप्रिय का झाली? तिने अपराधी मन एका ठिकाणाहून काढून दुसरीकडे ठेवले, म्हणून. अक्षर बदलल्याचा आळ आनंदीबाईंवर आला. ग्रँट डफ यांनी आपल्या इतिहासात ही हकीकत छापली ती १८२६ साली, म्हणजे त्रेपन्न वर्षांनंतर. आणि आनंदीबाईंविषयी त्यांनी पुढे केली ती लोकांची समजूत, पुरावा नव्हे. पतीच्या बाबतीत आज्ञा देणे तरी कबूल होते. पत्नीच्या बाबतीत कृत्यच सिद्ध नाही, मग मनाची गोष्ट दूरच. तरीही अडीचशे वर्षे आपण तिला शिक्षा भोगावयास लावीत आहोत. कृती आणि मन ही दोन्ही सिद्ध झाल्यावाचून कोणास दोषी म्हणू नये हा नियम न्यायालयांनी पाळावा असा आपला आग्रह असतो. इतिहास वाचणारानेही तो आनंदीबाईंपुरता तरी पाळावा, अशी आमची विनंती आहे.