मासुंदा तलाव

मासुंदा तलाव हा महाराष्ट्रातील ठाणे शहराच्या जुन्या वस्तीत, रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस असलेला तलाव आहे. तो 'तलावपाळी' या नावाने अधिक ओळखला जातो. ठाण्याला 'तलावांचे शहर' म्हणतात. त्या तलावांपैकी हा सर्वाधिक वर्दळीचा आहे.

नाव

'पाळ' किंवा 'पाळी' म्हणजे तलावाचा उंच केलेला काठ. लोकांच्या तोंडी रुळलेले हे नाव पाण्यापेक्षा काठाचे आहे. नागरिकांचा या तलावाशी येणारा नित्याचा संबंधही मुख्यतः काठावरच येतो.

इतिहास व परिसर

ठाणे हे शिलाहारांच्या काळात 'श्रीस्थानक' या नावाने प्रसिद्ध होते. तलावाच्या पूर्व काठावरील कोपिनेश्वर मंदिराची परंपरा त्या काळाशी जोडली जाते. 1737 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाणे जिंकले. त्यानंतर 1760 च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी सध्याचे मंदिर उभारले. पोर्तुगीज परंपरेतील संत जॉन बाप्टिस्ट चर्च याच परिसरात आहे. नाटककार राम गणेश गडकरी यांच्या नावाचे 'गडकरी रंगायतन' हे नाट्यगृह 1978 मध्ये तलावाकाठी सुरू झाले.

सार्वजनिक वापर

तलावाभोवतीचा पदपथ सर्वांसाठी खुला असून तेथे फिरण्यास शुल्क नाही. नौकाविहारासाठी मात्र तिकीट घ्यावे लागते. सकाळी व्यायामासाठी आणि सायंकाळी विरंगुळ्यासाठी येथे गर्दी असते. दिवाळी पहाटेस तरुणवर्ग तलावपाळी व राम मारुती रस्त्यावर जमतो. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा कोपिनेश्वर मंदिरापासून निघते. दाट वस्तीच्या शहरात विनामूल्य बसता येईल अशा मोकळ्या जागा थोड्या असतात. म्हणून या काठाचे महत्त्व मोठे आहे.

पाण्याची शुद्धता

लहान तलावात पाण्याचा निचरा सावकाश होतो. त्यामुळे बाहेरून आलेली घाण दीर्घकाळ साचून राहते. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती लवकर विरघळत नाहीत आणि त्यांच्या रंगांतील जड धातू गाळात उतरतात. निर्माल्य व खाद्यपदार्थ कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. त्याचे प्रमाण फार घटल्यास मासे गुदमरून मरतात, तर वाढलेल्या पोषकद्रव्यांमुळे शेवाळ फोफावते.

यावर उपाय म्हणून ठाणे महानगरपालिका गणेशोत्सवात कृत्रिम तलावांची व्यवस्था करते. मासुंदा तलावाचा परिसरही त्यात समाविष्ट आहे. मूर्तींचे विसर्जन वेगळ्या कुंडात होते व निर्माल्य स्वतंत्रपणे गोळा केले जाते. त्यामुळे काठावरचा सोहळा टिकतो आणि मूळ जलाशयावरील भार कमी होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2010 च्या व 2020 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांचा रोखही असाच आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी

हिंचलाल तिवारी विरुद्ध कमलादेवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये तलाव, वने, टेकड्या इत्यादी समाजाची भौतिक संपत्ती असून त्यांचे रक्षण आवश्यक असल्याचे नमूद केले. तो खटला उत्तर प्रदेशातील गावतळ्याच्या जागेविषयी होता. तथापि शहरी तलावांच्या प्रश्नातही त्याचा आधार घेतला जातो. तलावाचा काठ सर्वांना खुला ठेवणे आणि त्याचे पाणी निर्मळ राखणे या दोन्ही गोष्टी या तत्त्वात सामावतात.