बँकेची खुर्ची आणि कुंपणाबाहेरचा सौदा

या भागाचा विषय निघाला दिवाळीत, आमच्या अकोल्याच्या घरी. माझा भाचा मुंबईत एका बँकेच्या ट्रेझरीत आहे. बँकेच्या पैशाने रोख्यांचे आणि चलनाचे सौदे करतो. फराळ चालू असताना त्याने सांगून टाकलं की, बँक सोडून हेज फंडात जातोय.

आईने, म्हणजे त्याच्या आजीने, हातातली बशी खाली ठेवली. "पक्की नोकरी सोडून सट्टा खेळाले चालला का रे?"

सगळे गप्प. कारण माझ्या आजोबांनी कापसाच्या सौद्यात शेत घालवलं होतं. 'सट्टा' हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा. भाच्याने माझ्याकडे बघितलं. "मामा, तुम्ही तरी सांगा." मी इतिहासाचा माणूस, सल्ला देण्याआधी मागे जातो. गेलो थेट 1861 पर्यंत.

त्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवलं. वऱ्हाड तेव्हा 1853 च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आलेलं. नागपूरपर्यंतची रेल्वे 1867 मध्ये पूर्ण झाली, म्हणजे तेजीच्या काळात आपल्या कापसाचा बराच प्रवास बैलगाडीनेच. पण भाव असा की मुंबईत पैशाचा पूर आला.

त्या पुरावर स्वार झाले प्रेमचंद रायचंद. कापसाचे आणि शेअरचे दलाल. बँक ऑफ बॉम्बेत त्यांचा शब्द चालायचा. 1863 च्या कायद्याने या बँकेवरची बंधनं सैल झाली, शेअर तारण ठेवून कर्ज देता येऊ लागलं. मग काय! बँकेचा पैसा बॅक बे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांच्या सट्ट्यात गेला. एप्रिल 1865 मध्ये जनरल लीने शरणागती पत्करली आणि कापूस कोसळला. 1 जुलै 1865, वायद्यांचे पैसे चुकते करायचा दिवस, आणि मुंबई बुडाली. बँक ऑफ बॉम्बेचं बहुतेक भांडवल गेलं, 1868 मध्ये ती गुंडाळावी लागली.

यातली मेख बघा. नफा झाला तर सौदा करणाऱ्याचा, तोटा मात्र बँकेचा. मध्ये कुंपणच नव्हतं.

गंमत म्हणजे 'हेज' या शब्दाचा मूळ अर्थ कुंपणच. इथून जहाजात चढलेला कापूस लिव्हरपूलला पोचेपर्यंत भाव पडला तर? म्हणून व्यापारी माल वाटेत असतानाच पुढच्या तारखेचा भाव ठरवून विकून टाकायचा. शेताच्या काटेरी कुंपणासारखंच ते, पीक वाढत नाही, पण जनावर आत शिरत नाही. आजही हे काम चालतं. एनसीडीईएक्सवर सरकी पेंडीचा वायदा आला तो अकोला हे केंद्र धरूनच.

1949 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड विन्सलो जोन्स नावाच्या माणसाने हीच युक्ती शेअर्सना लावली. तो मुळात समाजशास्त्रज्ञ. भांडवल 1 लाख डॉलर, त्यातले 40 हजार त्याचे स्वतःचे. काही शेअर घ्यायचे, काही उसने घेऊन विकायचे, म्हणजे बाजार वर जावो की खाली, अंगावर कमी येतं. पुढे नफ्यातला 20 टक्के वाटा स्वतःला. हा पहिला हेज फंड मानतात.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. 2008 च्या पडझडीनंतर अमेरिकेने 2010 मध्ये कायदा केला, त्यातला व्होल्कर नियम सांगतो, बँकेने स्वतःच्या पैशाने सट्टा करू नये. 1865 मध्ये नसलेलं कुंपण हे असं आलं. बँकांचे ते डेस्क बंद होऊ लागले आणि तिथली माणसं फंडांकडे निघाली. गोल्डमन सॅक्सचे पियरे-हेन्री फ्लामां त्याच वर्षी बाहेर पडले. त्यांच्या एडोमा फंडाकडे लोकांनी अब्जावर डॉलर दिले, पण 2012 मध्ये तो बंद करायची वेळ आली. उलट मॉर्गन स्टॅनलीतून वेगळे झालेले पीटर मुलर टिकले.

असं का होतं? बँकेत गिऱ्हाइकांच्या मोठ्या ऑर्डरी समोरून जातात, पैसा स्वस्त मिळतो, नाव मोठं असतं. नफ्यातला काही भाग तुमचा असतो, काही खुर्चीचा. खुर्ची सुटली की कळतं, कुठला किती होता.

हे सगळं ऐकून आईने एकच विचारलं. "त्यात तुहा सोताचा पैसा किती राहीन?"

मी हसलो. सेबीने 2012 च्या नियमांत नेमकं हेच विचारलंय. आपल्याकडचे हेज फंड बहुतेक 'कॅटेगरी तीन' मध्ये येतात. गुंतवणूकदाराचे किमान 1 कोटी हवेत, आणि फंड चालवणाऱ्या पक्षाचेही निधीच्या 5 टक्के किंवा 10 कोटी, यातलं जे कमी ते, आत अडकलेले हवेत.

भाच्याला मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. एवढंच सांगितलं, "तीन वर्षांचे सौदे काढ. खुर्चीचे वेगळे कर, तुझे वेगळे." त्याचा परवा फोन आला. "मामा, निम्म्याहून जास्त खुर्चीचे निघाले." मग? "जाणार आहे, पण आधी फ्लॅटचं कर्ज फेडतो. एक वर्ष थांबतो."

आईला सांगितलं. ती म्हणाली, "बापा, हे तुह्या आजोबाले कोनी सांगतलं असतं तं!"

भेटू पुढच्या भागात.