उपनगरं कोणाची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

निवडणूक जवळ आली, की लोकलच्या डब्यात आणि सोसायटीच्या कट्ट्यावर एक प्रश्न हमखास निघतो. मुलुंड कोणाचं? बोरिवली कोणाची? उत्तरंही ठरलेली असतात. 'तिथं काय, अमक्या पक्षाचा बालेकिल्ला!' उपनगरांतल्या निवडणुकांचा इतिहास वाचताना मला मात्र सारखं वाटत आलं आहे, की या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडायला हवा. त्या दिवशी मतदानाला गेलं कोण?

आधी थोडी पार्श्वभूमी. अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली मुंबई महापालिकेत आली. बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. मूळचे कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन, गिरगाव-परळमधून बाहेर पडलेली मराठी कुटुंबं, घाटकोपर-मुलुंडचा गुजराती समाज, दक्षिणेतून आणि उत्तरेतून पोटासाठी आलेली माणसं, अशी ही सरमिसळ वस्ती. ती एकाच बाजूला कायमची झुकलेली राहील, हे तसं अवघडच होतं.

१९६२ मध्ये उत्तर मुंबईत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी उभे राहिले. परदेशी वृत्तपत्रांचंही त्या लढतीकडे लक्ष होतं. मेनन मोठ्या फरकानं निवडून आले. पाचच वर्षांनी काँग्रेसनं त्यांना उमेदवारी नाकारली. ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. जून १९६६ मध्ये जन्मलेल्या शिवसेनेनं मेनन यांना 'बाहेरचा माणूस' म्हणून विरोध केला होता. निकालानंतर थोड्याच दिवसांत बर्वे यांचं निधन झालं. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनीही मेनन यांना हरवलं.

याच ईशान्य मुंबईत, म्हणजे घाटकोपर-मुलुंडच्या पट्ट्यात, १९७७ आणि १९८० साली सुब्रमण्यम स्वामी निवडून आले. त्यानंतर आजवर इथून एकही खासदार लागोपाठ दोनदा निवडून आलेला नाही. गुरुदास कामत, जयवंतीबेन मेहता, प्रमोद महाजन, किरीट सोमय्या, संजय दिना पाटील अशी नावं येतात-जातात. काही जण मध्ये खंड पडून परत येतात. याला बालेकिल्ला कसं म्हणायचं?

पश्चिमेकडचं चित्र वेगळं आहे. पण तेही दिसतं तितकं सरळ नाही. उत्तर मुंबईनं १९७७ला 'पाणीवाली बाई' मृणाल गोरे यांना दिल्लीला पाठवलं. पुढे १९८९ ते १९९९ या काळात राम नाईक लागोपाठ पाच वेळा निवडून आले. २००४ला अभिनेता गोविंदा यांनी त्यांना ४८,२७१ मतांनी हरवलं. २००९ला संजय निरुपम यांच्याकडून ते अवघ्या ५,७७९ मतांनी हरले. त्याच वर्षी ईशान्य मुंबईत फरक होता फक्त २,९३३ मतांचा. दोन्हीकडे मनसेच्या उमेदवारांनी लाखाहून अधिक मतं घेतली, हे कारण सगळे सांगतात. ते खरंही आहे.

पण दुसरं कारणही लक्षात घ्या. २६ नोव्हेंबर २००८च्या दहशतवादी हल्ल्यानंतर मुंबईकर हजारोंनी रस्त्यावर उतरले, मेणबत्त्या लावल्या, राजकारण्यांवर संतापले. पाच महिन्यांनी, ३० एप्रिल २००९ला, मतदान झालं. तो गुरुवार होता आणि शुक्रवारी महाराष्ट्र दिनाची सुटी. मुंबईत मतदान झालं सुमारे ४१ टक्के!

सगळाच दोष मतदाराच्या आळसाला देणं मला पटत नाही. उपनगरातला माणूस सतत घर बदलतो. चाळ पडते, इमारत पुनर्विकासाला जाते, भाड्याचं घर अकरा महिन्यांनी सोडावं लागतं. नाव मात्र जुन्याच पत्त्यावर राहतं, नाहीतर यादीतून उडतं. २०१४ला नावं गायब झाल्याच्या तक्रारी राज्यात इतक्या झाल्या, की निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी दिलगिरी व्यक्त केली.

शिवाय लढतीत अर्थ दिसला नाही, तरी माणूस घरी बसतो. आमदार रमेश लटके यांच्या निधनामुळे नोव्हेंबर २०२२ मध्ये अंधेरी पूर्वेत पोटनिवडणूक झाली. भाजपनं उमेदवार मागे घेतला. मतदान झालं ३१.७४ टक्के. ऋतुजा लटके विजयी झाल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर राहिला 'नोटा', तब्बल १२,८०६ मतांसह. म्हणजे इतके लोक केंद्रापर्यंत गेले, ते 'यांपैकी कोणी नको' हे सांगायला.

आता २०२४ची लोकसभा निवडणूक पाहा. जोगेश्वरी, गोरेगाव, अंधेरी, वर्सोवा हा भाग ज्यात येतो, त्या वायव्य मुंबईत शिवसेनेच्याच दोन गटांचे उमेदवार समोरासमोर होते. यंत्रांतली मतं मोजून झाली, तेव्हा अमोल कीर्तिकर एका मतानं पुढे होते. टपाली मतांनी निकाल फिरवला आणि रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी झाले. अठ्ठेचाळीस! एखाद्या मध्यम सोसायटीत याहून जास्त मतदार असतात. आणि त्या मतदारसंघात त्या दिवशी मतदान न केलेल्यांची संख्या होती साडेसात लाखांहून अधिक.

पाण्याच्या टाकीवरून वाद असला, की आमच्या सोसायटीच्या सभेला खुर्च्या कमी पडतात. म्हणजे उपनगरातला माणूस उदासीन नाही. आपल्या बोलण्यानं फरक पडेल असं वाटलं, की तो येतो. मतदानाच्या बाबतीत हा फरक किती लहान आकड्यानं पडतो, ते वायव्य मुंबईनं दाखवून दिलं आहे. तेव्हा निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता, घरातल्या प्रत्येकाचं नाव आजच्या पत्त्यावर यादीत आहे का, एवढं तरी आपण तपासून ठेवू या.