आंत येणें आणि बाहेर न जाणें : कोलंबिया येथील अतिक्रमणाचा खटला

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत इ. स. १९६० सालीं उपाहारगृहांत बसून राहण्याची जी चळवळ झाली, तिचा वृत्तांत ता. १ फेब्रुवारीच्या ग्रीन्सबरो येथील प्रसंगापासून सांगण्याचा प्रघात आहे. चळवळीच्या पुढाऱ्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें; परंतु ज्या कलमांखालीं विद्यार्थ्यांस शिक्षा झाल्या, तीं कलमें मुळांत कशासाठीं केलेलीं होतीं याची विचारपूस क्वचितच होते. ती केली असतां काय हातीं लागतें, हें साऊथ कॅरोलायना संस्थानांतील एका खटल्यावरून दाखवितां येतें.

ता. १४ मार्च १९६० रोजीं सायमन बूई व टॅल्मेज नील हे दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी कोलंबिया शहरांत एकर्ड यांच्या औषधांच्या दुकानांत गेले. दुकानाच्या इतर भागांत कृष्णवर्णीयांस माल मिळे. उपाहाराच्या भागांत मात्र त्यांस वाढीत नसत. तशी सूचना कोठेंही लाविलेली नव्हती. दोघे जाऊन बसले, आणि ते बसल्यानंतर एका नोकरानें सांखळी ओढून तीवर प्रवेशबंदीची पाटी अडकविली. हा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें व्यवस्थापकानें पोलिसांस बोलाविलें व दोघांस निघून जाण्यास सांगितलें. ते उठले नाहींत; त्यांस अटक झाली. अतिक्रमणाबद्दलची त्यांची शिक्षा संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयानें कायम केली.

ज्या कलमाखालीं ही शिक्षा झाली तें मूळचें १८६६ सालचें, म्हणजे यादवी युद्ध संपल्याच्या पुढच्याच वर्षाचें. घोडे, खेचरें, गाई, डुकरें जेथें चरतात अशा किंवा दुसऱ्या कोणत्याही परक्याच्या जमिनींत, मालकानें मनाई केल्यानंतर जो शिरेल, त्यास शंभर डॉलरपर्यंत दंड किंवा तीस दिवसांपर्यंत सक्तमजुरी, असा त्याचा आशय आहे. जमिनीच्या हद्दीवर चार ठळक ठिकाणीं सूचना लाविली म्हणजे मनाई सिद्ध झाली, असेंही त्यांत सांगितलें आहे. कुरणें व शेतें डोळ्यांपुढें ठेवून केलेला हा कायदा; त्यांत गुन्हा आहे तो शिरण्याचा, आणि मनाई हवी ती शिरण्यापूर्वीं. पंचाण्णव वर्षें त्या संस्थानचीं न्यायालयें हाच अर्थ करीत आलीं. डिसेंबर १९६१ मध्यें चार्ल्सटनच्या एका खटल्यांत, निघून जाण्यास सांगितल्यावर थांबून राहणें हेंही त्या कलमांत येतें, असें प्रथमच ठरलें. आणि हा नवा अर्थ १९६० च्या कृत्यास मागें नेऊन लाविला.

माझ्या मतें या प्रकरणांतील सर्वांत बोलका पुरावा निराळाच आहे. अटकेनंतर दोनच महिन्यांनीं, ता. १६ मे १९६० रोजीं, त्याच संस्थानानें सांगितल्यावरही न निघणारास शिक्षा देणारा स्वतंत्र कायदा केला. जुनें कलम पुरेसें होतें तर नवें कशास हवें होतें?

हिंदुस्थानांतील वकिलास हा वाद चमत्कारिक वाटेल. १८६० च्या दंडसंहितेच्या ४४१ व्या कलमांत शिरणें आणि शिरल्यावर बेकायदा राहणें या दोन क्रिया प्रथमपासूनच वेगळ्या सांगितल्या होत्या. शिवाय धाक घालण्याचा, अपमान करण्याचा, त्रास देण्याचा किंवा गुन्हा करण्याचा हेतु सिद्ध व्हावा लागे. २०२४ पासून अमलांत आलेल्या न्यायसंहितेंतही तें तत्त्व कायम आहे.

ता. २२ जून १९६४ रोजीं संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयानें दोघांची शिक्षा रद्द केली. न्यायमूर्ति ब्रेनन यांचें म्हणणें असें कीं, कलमाच्या शब्दांवरून ज्याची कल्पना येत नाहीं असा अर्थ न्यायालयानें मागाहून लाविला, तर तो मागील कृत्यांस लागू होणाऱ्या कायद्यासारखाच अन्यायाचा होय. तीन न्यायमूर्तींनीं विरुद्ध मत दिलें. वर्णावरून गिऱ्हाइकास घालवून देण्याच्या कामीं दुकानदारास सरकारी पोलिसांचें साह्य घेतां येतें काय, या मूळ प्रश्नास मात्र न्यायालयानें बगल दिली. बाल्टिमोरच्या बारा विद्यार्थ्यांच्या खटल्यांतही त्याच दिवशीं तेंच घडलें. त्यांतील रॉबर्ट बेल हे पुढें १९९६ सालीं मेरिलंडच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. त्या प्रश्नाचें उत्तर दहा दिवसांनीं, ता. २ जुलै रोजीं, विधिमंडळाच्या नागरी हक्कांच्या कायद्यानें दिलें. आणि डिसेंबरांत पांच विरुद्ध चार मतांनीं असे उरलेले चालू खटलेही निकालांत निघाले.