पांढरी, गुंठा आणि खरेदीखत

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सगळेच जाणतो. पण श्रोतेहो, एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली आहे का? ही म्हण घर बांधण्याविषयी बोलते, विकत घेण्याविषयी चकार शब्द काढीत नाही. त्याला कारण आहे. आपल्या मराठवाड्याच्या खेड्यात घर हा बाजारात मांडायचा जिन्नस नव्हताच. गावाची जमीन दोन तऱ्हेची, काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचे, पांढरीत राहायचे. पांढरीच्याच मातीच्या भिंती घालायच्या, वर लाकडाचे छत टाकून त्यावर माती पसरायची, की झाले माळवद. घर मोजायचे ते खणांनी: याचे तीन खणांचे, त्याचे पाच खणांचे. कोणी घर विकल्याचे कळले, तर लोक दबक्या आवाजात विचारीत, “का हो, काय झालं?”

मात्र या जुन्या व्यवस्थेचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. पांढरीत कोणी कोठे राहायचे हे पैशाने ठरत नसे, हे खरे. पण ते जातीने ठरत असे, हेही तितकेच खरे. गावकुसाबाहेरच्या माणसाला पैसे असूनही आत जागा मिळत नव्हती. अशा माणसाला शहरातला घरांचा बाजार, कितीही वाईट असला तरी, मोकळ्या हवेसारखा वाटला असेल.

आता शहराकडे वळू. आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ सालापर्यंतचे औरंगाबाद, हे मुळात खडकी नावाचे खेडे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० च्या सुमारास तेथे राजधानी वसवली. गाव वसवायचे तर आधी पाणी पाहिजे, हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते. उत्तरेच्या डोंगराकडून जमिनीखालून नहर काढून त्याने खापराच्या नळांनी पाणी वस्तीत खेळवले. नहर-ए-अंबरी ती हीच. पुढे औरंगजेबाच्या काळात मोगल सरदारांनी आपापले पुरे वसवले. करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा, भावसिंगपुरा ही नावे आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत. ती सारी रजपूत सरदारांची नावे आहेत हे मात्र विद्यार्थ्यांना सांगावे लागते. पुरा सरदाराचा, आणि त्याच्या पदरचे शिपाई, कारागीर, वाणी यांची घरे त्याच्या आश्रयाने. धनी आहे तोवर वस्ती.

हा आश्रय गेला की काय होते, ते या शहराने १७६३ साली अनुभवले. निजामअलीने राजधानी हैदराबादला नेली. दरबार गेला, त्याच्यामागून सरदार गेले, आणि मोठमोठ्या हवेल्यांना गिऱ्हाईक उरले नाही. बाजार चढल्याच्या गोष्टी लोक आवडीने सांगतात. तो पडल्याची ही गोष्टही शिक्षकांनी वर्गात सांगावी. नंतर १९०० साली मनमाडकडून आगगाडी आली, स्टेशन गावापासून दूर झाले, आणि वस्ती हळूहळू तटाबाहेर स्टेशनच्या अंगाने सरकू लागली.

निजामी राजवटीतले घराचे कागद उर्दूत असत, आणि किमती हाली रुपयात. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार, असा हिशेब. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. राज्य बदलले, नाणे बदलले, कचेरीची भाषा बदलली. पण पेटीतला कागद तोच राहिला. जुन्या वाड्याचा व्यवहार निघाला, की आधी उर्दू वाचणारा जाणकार शोधायचा, मग वकील! चतुःसीमेत ‘पूर्वेस अमक्याचा तबेला’ असे लिहिलेले असायचे, आणि तबेल्याच्या जागी केव्हाच दुकान उभे झालेले असायचे.

खरा पालट झाला तो नंतर. १९५० साली मिलिंद महाविद्यालय आणि १९५८ साली विद्यापीठ निघाले, त्यामुळे खेड्यापाड्यांतून विद्यार्थी आणि नोकरदार आले. साठीच्या दशकात औद्योगिक वसाहती झाल्या. १९७२ च्या दुष्काळाने गावेच्या गावे हलवली, आणि त्यातली कित्येक माणसे शहराच्या आश्रयाला आली ती परतली नाहीत. जायकवाडीच्या धरणामुळे पाण्याची सोय झाली. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. १९९१ साली शहराची लोकसंख्या सुमारे पावणेसहा लाख होती, ती २०११ साली पावणेबारा लाखांच्या घरात गेली. वीस वर्षांत दुप्पट! एवढ्या माणसांनी राहायचे कोठे?

सरकारने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने येथे नवे नगर वसवले, त्याचे एन-१ पासून एन-१३ पर्यंत विभाग पाडले आणि बेताच्या पगारदारालाही परवडतील अशी लहान घरे बांधली. पण रांग मोठी आणि घरे थोडी. शिवाय हप्ता भरायला महिन्याचा पगार लागतो. रोजंदारीवरच्या माणसाला हप्त्याचे घर कोण देणार?

येथे गुंठा आला. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे मिळून एक एकर. मुकुंदवाडी, हर्सूल, सातारा-देवळाई ही खेडी शहराला लागून. तेथल्या शेतकऱ्याच्या ध्यानात आले, की ज्वारीच्या चाळीस गुंठ्यांपेक्षा घरांचे चाळीस गुंठे कितीतरी पटींनी मोलाचे आहेत. चुन्याच्या रेघा मारल्या, मधून वाट सोडली, आणि विक्री सुरू झाली. काळीची पांढरी झाली.

अडचण कायद्याची होती. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यास १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची मनाई, जो पुढे मराठवाड्यातही लागू झाला. शेतकरी नसलेल्याला शेत घेण्यास कूळकायद्याची आडकाठी. बिगरशेती परवानगीचा खर्च आणि खेटे वेगळेच. म्हणून मग शंभर रुपयांच्या मुद्रांकावर करार, ताबापावती, खाली दोन साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का. याला लोक ‘बाँडवर घेतलं’ असे म्हणतात. आता बरं का, शंभर रुपयांपासून पुढच्या किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणी झालेल्या खतानेच व्हावी, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा सांगतो, आणि अशी खते नोंदवण्याची सक्ती १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. नोटरीचा शिक्का सही कोणाची ते सांगतो. जमीन कोणाची ते सांगत नाही. सातबाऱ्यावर नाव जुन्या मालकाचेच राहते. तो वारला तर त्याच्या वारसांचे लागते. तोच तुकडा दुसऱ्या कोणाला विकला गेला, तर दोघांच्याही हाती सारखाच कागद!

हे घेणारे लोक भोळे होते, असे सुशिक्षित माणसे सहज म्हणून जातात. मला ते मान्य नाही. घेणाऱ्याला कागद कच्चा आहे हे ठाऊक असे. पण पक्क्या कागदाचे घर त्याच्या ऐपतीबाहेर होते, आणि भाड्याच्या खोलीत दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवून मुलांची शाळा होत नाही. बायकोचे दागिने, गावाकडची एखादी म्हैस, भिशीचे पैसे असे करून त्याने गुंठा, अर्धा गुंठा घेतला, आधी पत्रे टाकले, मग एकेक भिंत पक्की केली. अशा शंभराहून अधिक वसाहती या शहरात झाल्या. तेथे बँक कर्ज देत नाही, कारण तारण ठेवायला खत नाही. नळ आणि गटार मागायला गेले, तर वसाहत नकाशावर नाही.

शेवटी कायद्यालाच वस्तीच्या मागून चालावे लागले. २००१ साली राज्याने गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा केला. तो १ जानेवारी २००१ पूर्वीच्या वस्त्यांसाठी होता. वस्त्या काही तारीख पाहून थांबल्या नाहीत. २०२१ साली कायदा दुरुस्त करून मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणावी लागली. शुल्क भरायचे, नकाशा द्यायचा, मग घर कायद्याच्या आत. शुल्काची रक्कम मात्र पुष्कळांना जड जाते, आणि घर अर्ध्या गुंठ्याचे असले म्हणून रस्त्याला कमी जागा लागत नाही, ही दुसरी अडचण.

सदनिका घेणाऱ्यांसाठी आधार थोडा आधीच आला होता. १९६३ चा सदनिकांचा कायदा होता, पण त्याचा धाक फारसा नव्हता. १ मे २०१७ पासून महारेरा सुरू झाले. ठरावीक आकारापेक्षा मोठा प्रकल्प तेथे नोंदवल्यावाचून विकता येत नाही, आणि ग्राहकांच्या पैशातले सत्तर टक्के त्याच कामासाठी वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. गुंठा घेणाऱ्याला अर्थात याचा उपयोग नाही. ज्याची नोंदच नाही, त्याच्यापर्यंत महारेरा पोचणार कसे?

खेड्यातल्या श्रोत्यांना वाटेल, ही शहराची कटकट, आपल्याला काय! पण आपल्या गावच्या घराचा तरी कोणता कागद आपल्याजवळ आहे? बहुतेकांजवळ ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ आणि घरपट्टीच्या पावत्या असतात. तो कराचा दाखला आहे, मालकीचा नव्हे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली. तीत ड्रोनने गावठाणाची मोजणी होते आणि घरमालकाला सनद व मालमत्ता पत्रक मिळते. मोजणी होते तेव्हा भावाभावांनी हद्दीवर हजर राहावे, आणि नकाशावर हरकत असेल तर मुदतीतच लिहून द्यावी. नंतर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. ही मोजणी गावठाणापुरती, म्हणजे पांढरीपुरती आहे. गावाबाहेर हमरस्त्याच्या कडेला, कोणाच्या तरी शेतात, बाँडवर घेतलेल्या गुंठ्यात जी नवी घरे उभी राहत आहेत, त्यांच्या सातबाऱ्यावर अजून ज्वारी आणि कापूसच लिहिलेला आहे.