अपरान्तातले हत्ती

रानहत्ती पाहायचे म्हटले की पुण्याची मंडळी कर्नाटकातील नागरहोळे किंवा बंदीपूरच्या राष्ट्रीय उद्यानात जातात. महाराष्ट्रात हत्ती असायचा तो माणसाने पाळलेला, अशी आपली समजूत. त्यामुळे २००२ साली कर्नाटकातून काही रानहत्ती सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आले, तेव्हा ते परके ठरले.

इतिहास मात्र वेगळे सांगतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कौटिलीय अर्थशास्त्रात हत्तींची प्रदेशवार प्रतवारी आहे. कलिंग, अंग इत्यादी पूर्वेकडचे हत्ती उत्तम, दशार्ण व अपरान्तातले मध्यम, सौराष्ट्रातले कनिष्ठ. अपरान्त म्हणजे आपली कोकणपट्टी. पाळीव हत्ती कोठेही नेता येतो, म्हणून केवळ मूर्ती किंवा हस्तिदंत सापडल्याने तेथे रानहत्ती होते असे सिद्ध होत नाही. ही यादी मात्र हत्ती कोणत्या रानांतून येत त्याची आहे.

राज्याच्या सीमेवर हस्तिवन राखावे, असेही हा ग्रंथ सांगतो. हत्ती मारणाऱ्यास देहदंड. आपोआप मेलेल्या हत्तीचे दोन्ही दात आणून देणाऱ्यास सव्वाचार पण बक्षीस. पावलांचे ठसे, लीद, बसण्याच्या जागा पाहून रक्षकांनी हत्तींची नोंद ठेवायची. लिदीवरून अंदाज बांधण्याची पद्धत आजही वापरात आहे!

यामागे भूतदया नव्हती. राजाला लढाईसाठी हत्ती हवे होते. हत्तिणीचा गर्भकाळ सुमारे २२ महिन्यांचा. पिलू कामाजोगे होईपर्यंत वीसएक वर्षे पोसायचे. त्यापेक्षा रानात वाढलेला हत्ती पकडणे स्वस्त. म्हणून रान राखले गेले. १६१८ सालीही जहांगीराने गुजरातेत दाहोदच्या रानात हत्ती पकडवले होते. पुढे तोफा-बंदुकांपुढे हत्ती निरुपयोगी ठरला, शेती पसरली आणि रान आक्रसले. आज दाहोदला रानहत्ती नाहीत.

२०२१ मध्ये छत्तीसगडमार्गे गडचिरोलीतही एक कळप आला. प्रौढ हत्तीला दिवसाला सुमारे दीडशे किलो चारा लागतो. भात, केळी, माड यांची नासाडी होते. माणसेही दगावली आहेत. भरपाई मिळते, पण नवा माड फळाला यायला वर्षे जातात. हत्ती इथलाच होता, एवढे सांगून बागायतदाराचे नुकसान भरून निघत नाही.

हस्तिवनाचा खर्च पूर्वी राजा करीत असे. आज त्याचा मोठा भाग दोडामार्गचा शेतकरी सोसतो. सफारीचे तिकीट काढणाऱ्या शहरवासीयांचा त्यात वाटा किती असावा, यावर वर्गात अवश्य चर्चा घ्यावी.